वीस लाख डॉलरचा पोरगा

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि विषय बास्केटबॉलचा आहे, तोही अमेरिकेतल्या कॉलेजच्या बास्केटबॉलचा. नगरपालिकेच्या पाण्यावर आणि बसस्टँडच्या खड्ड्यांवर लिहिणारा माणूस इकडे कुठे वळला, असं काहींना वाटेल. पण यात पैसा आहे, विद्यापीठ आहे, वर्गणी आहे आणि पब्लिकचं तोंड आहे. म्हणजे सगळा आपलाच विषय. सवडीने वाचा.

१२ मार्च २०२५, कॅन्सस सिटी. बिग ट्वेल्व्ह स्पर्धेत बेलरने कॅन्सस स्टेटला ७० विरुद्ध ५६ असं हरवलं आणि कॅन्सस स्टेटचा हंगाम संपला. १६ विजय, १७ पराभव. सामन्यानंतर पत्रकारांसमोर सहा फूट दहा इंचांचा एक पोरगा बसला होता. वय २३. नाव कोलमन हॉकिन्स. बोलता बोलता त्याचे डोळे भरले. लोक काय बोलतात ते मी या वर्षी मनाला लावून घेतलं, त्याचा माझ्या खेळावर परिणाम झाला, दोष माझा आहे, अशा अर्थाचं तो बोलला. ती क्लिप सगळीकडे फिरली. काहींना वाईट वाटलं. बाकीच्यांनी एकच आकडा लिहिला, वीस लाख डॉलर.

आकड्याचं आधी सांगतो. २०२४ च्या उन्हाळ्यात हॉकिन्सने इलिनॉय विद्यापीठ सोडून कॅन्सस स्टेट धरलं, तेव्हा त्याला वर्षाचे सुमारे वीस लाख डॉलर मिळणार अशा बातम्या आल्या. आपल्या हिशेबात सतराएक कोटी रुपये. करार कुणी छापला नाही, पण आकडा त्याच्या नावाला चिकटला तो चिकटलाच. त्यानंतर प्रत्येक सामन्याच्या चर्चेत त्याचे गुण आणि रिबाउंड मागे, आकडा पुढे.

आता गाव बघा. मॅनहॅटन नाव असलं तरी न्यूयॉर्कशी काही संबंध नाही. हे कॅन्सस राज्यातलं मॅनहॅटन, लोकवस्ती पन्नास हजारांच्या थोडी वर. म्हणजे आपल्याकडचं बऱ्यापैकी तालुक्याचं ठिकाण. आसपास गहू आणि गुरं. विद्यापीठ १८६३ चं, सरकारने शेतीशिक्षणासाठी जमीन देऊन उभी केलेली जी विद्यापीठं आहेत त्यातलं अगदी सुरुवातीचं. आपल्याकडची राहुरीसारखी कृषी विद्यापीठं याच नमुन्यावर निघाली आणि शेजारच्या आंध्रातलं कृषी विद्यापीठ उभं करायला तर थेट कॅन्सस स्टेटचीच माणसं आली होती. तिथल्या ब्रॅमलेज कोलिझियममध्ये अकरा हजारांच्या आसपास माणसं बसतात. म्हणजे गावातल्या दर पाच माणसांमागे एकाला जागा. मोठ्या शहरात व्यावसायिक संघ असतात, इथे कॉलेजचा संघ हाच गावाचा संघ. हिवाळ्यात दुसरं करायला तरी काय आहे?

आमच्या तालुक्यातला एक मुलगा तिथे धान्य विज्ञान शिकतोय. (पीठ दळण्याचं शास्त्र शिकायला अमेरिकेला जातात म्हटल्यावर त्याच्या आजीने कपाळाला हात लावला होता, पण त्या विषयात ते विद्यापीठ जगात नावाजलेलं आहे.) तो विद्यार्थ्यांच्या तिकिटावर सामने बघतो. मला काका म्हणतो, आणि मी क्रीडा पानही सांभाळत असल्याने मला फोनवर सगळं सांगतो. त्या हंगामात त्याच्या प्रयोगशाळेत दुपारच्या जेवणाला दोन तट पडायचे. एका बाजूला तीस वर्षं सीझन तिकीट काढणारे एक कर्मचारी, दुसऱ्या बाजूला पीएचडी करणारी पोरं. कर्मचारी म्हणायचे, हा पळत नाही, चेंडू घालवतो, तोंड पाडून फिरतो आणि वर वीस लाख घेतो. पोरं म्हणायची, त्याच्याकडून जे मागताय ते त्याचं काम कधी नव्हतंच.

माझ्या मते खेळाच्या मुद्द्यावर पोरं बरोबर होती. पण ते कर्मचारी का चिडले होते तेही समजून घेण्यासारखं आहे.

आधी खेळ. इलिनॉयच्या शेवटच्या हंगामात, २०२३-२४ मध्ये, हॉकिन्सने सामन्यामागे १२.१ गुण, ६.१ रिबाउंड आणि २.७ असिस्ट काढले. कॅन्सस स्टेटकडे १०.७ गुण, ६.९ रिबाउंड, ४.३ असिस्ट. गुण दीडने उतरले, रिबाउंड वाढले, पास तर दीडपट झाले. हे आकडे बघून कुणी म्हणेल का की पोरगा आपटला? पण कोष्टक बघून सामना कळत नाही हेही खरं. लांबून मारलेले त्याचे चेंडू आधीसारखे पडत नव्हते आणि नेमक्या अवघड वेळी हातातून चेंडू जायचा. ज्यांनी सामने बघितले त्यांच्या डोळ्यांत तेच राहिलं.

इलिनॉयच्या त्या संघात टेरेन्स शॅनन ज्युनियर होता, सामन्याला २३ गुण काढणारा. त्याच्यानंतर मार्कस डोमास्क, जवळपास १६. हॉकिन्स तिसरा. शॅनन मुसंडी मारून आत घुसला की विरोधी संघाचे दोन-दोन गडी त्याच्याकडे धावायचे आणि हॉकिन्सभोवती मोकळी जागा व्हायची. अशा मोकळ्या जागेत तो फार हुशार. उंच असून नजर पास देणाऱ्याची. तो संघ देशातल्या शेवटच्या आठात गेला. तिथे कनेटिकटने त्यांच्यावर सलग ३० गुण चढवले, एकही न देता, आणि ७७-५२ ने घरी पाठवलं, पण ती वेगळी कहाणी.

कॅन्सस स्टेटने या तिसऱ्या माणसाला पहिल्या माणसाचे पैसे दिले. आता विरोधी संघ त्याच्याच अंगावर येऊ लागले. मोकळी जागा करून देणारं कुणी नाही. आणि उंच खेळाडूची एक गोची असते जी बाहेरून बघणाऱ्याला पटकन कळत नाही. बुटका खेळाडू चेंडू स्वतः पुढे आणतो, त्याचा खेळ त्याच्या हातात असतो. उंच गड्याला कुणीतरी चेंडू द्यावा लागतो, तोही योग्य जागी, योग्य क्षणी. अर्धा सेकंद उशीर झाला की जागा गेली. पास देणारा ओळखीचा नसेल तर उंच गडी नुसता हात वर करून उभा दिसतो आणि गॅलरीतून वाटतं की हा आळशी आहे. संघात इतर खेळाडूही नवेच. कुणी मिशिगनहून आलेला, कुणी केंटकीहून, कुणी व्हिलानोवाहून, कुणी सॅमफर्डहून. उन्हाळ्यात जमलेली वरात, आणि नोव्हेंबरात सामने सुरू.

बचावाचंही तसंच. समोरचा बुटका आपल्या उंच साथीदाराच्या आडोशाने वळसा घालून येतो, त्याला तिकडे पिक अँड रोल म्हणतात. त्या क्षणी बचाव करणाऱ्या उंच गड्याने ठरवायचं असतं, पुढे जाऊन बुटक्याला अडवायचं की मागे राहून बास्केट राखायची. प्रत्येक प्रशिक्षकाचं उत्तर वेगळं. चार वर्षं एका उत्तराची सवय झालेली, आता दुसरं. चूक कुणाचीही असो, चेंडू बास्केटमध्ये जातो तेव्हा टीव्हीवर त्याच्या शेजारी उंच गडीच दिसतो.

डिसेंबरात ड्रेककडून हरले, मग आपल्याच राज्यातल्या विचिता स्टेटकडून. जानेवारीत सलग सहा सामने गेले. मग काय झालं कुणास ठाऊक, सलग सहा जिंकले. त्यात आयोवा स्टेटला त्यांच्या घरात ८०-६१, आणि ८ फेब्रुवारीला कट्टर शेजारी कॅन्ससला आपल्या घरात ८१-७३. त्या रात्री आमच्या पोराचा पहाटेचा फोन आला (तिथली रात्र, इथली पहाट), मागे नुसती बोंबाबोंब. वीस लाख कुणी काढले नाहीत त्या पंधरवड्यात. नंतरच्या नऊपैकी सहा हरले आणि आकडा परत आला.

आता त्या कर्मचाऱ्यांची बाजू. वीस लाख आले कुठून? पूर्वी कॉलेज खेळाडूला फी, राहणं, जेवण यापलीकडे पैसा घ्यायची बंदी होती. घेतला तर बाद. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा मिळाली. त्याच्या दहा दिवस आधी सुप्रीम कोर्टाने ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल देऊन कॉलेज खेळाच्या संघटनेचे कान उपटले होते. जाहिरातीचे पैसे मिळतील अशी कल्पना होती. झालं काय, तर प्रत्येक विद्यापीठाभोवती चाहत्यांनी आणि देणगीदारांनी फंड काढले. 'कलेक्टिव्ह' म्हणतात. आपण मंडळाची वर्गणी म्हणू. मोठा धान्यव्यापारी लाखांत देतो, साधा माणूस महिन्याला थोडेफार देतो, आणि त्या वर्गणीतून खेळाडू आणला जातो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बाकावर बसायची अट एकदा बदलण्यापुरती सुटली. २०२४ मध्ये तर कितीही वेळा बदला म्हणाले.

तर आमच्या पोराच्या प्रयोगशाळेतले ते कर्मचारी नुसते प्रेक्षक नव्हते. ते वर्गणीदार होते. स्वतःच्या पगारातून देत होते. गणपतीत ज्याने पावती फाडलीय तो डीजेचा आवाज कमी का, असं अध्यक्षाला विचारतोच ना? पूर्वी पोरगा वाईट खेळला तर लोक म्हणायचे, जाऊ द्या, शिकतंय पोरगं, परीक्षा पण आहे त्याची. आता म्हणतात, माझ्या पैशाचं काय. त्यात १ सप्टेंबर २०२२ पासून कॅन्ससमध्ये खेळावर सट्टा कायदेशीर झाला. हॉकिन्स आठ रिबाउंड घेईल का, यावरसुद्धा पैसे लावणारे असतात. संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी २०२४ मध्येच कॉलेज खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरचे असे सट्टे बंद करा म्हणून राज्यांना साकडं घातलं होतं, कारण हरलेला माणूस थेट पोराला शिव्या लिहून पाठवतो.

आणि गावाची अपेक्षा फुकाची नव्हती. जेरोम टँग प्रशिक्षक होऊन आले त्या पहिल्याच हंगामात, २०२२-२३ मध्ये, बाहेरून आलेल्या खेळाडूंनीच चमत्कार केला होता. कीऑन्टे जॉन्सन फ्लोरिडाहून आलेला. तिकडे डिसेंबर २०२० मध्ये चालू सामन्यात तो कोसळला होता, पुन्हा खेळेल की नाही याचीच शंका होती. दुसरा मार्कीस नोवेल, पाच फूट आठ इंच, लिटल रॉक विद्यापीठातून आलेला. त्याने मिशिगन स्टेटविरुद्ध एका सामन्यात १९ असिस्ट दिले, त्या स्पर्धेच्या इतिहासातला विक्रम. संघ शेवटच्या आठात गेला. म्हणजे परका येतो आणि आपल्याला वर नेतो, हे त्या गावाने डोळ्यांनी बघितलं होतं. फक्त ते दोघे आले तेव्हा त्यांच्या गळ्यात असली पाटी नव्हती. त्यांच्याकडून कुणाला काही नको होतं, म्हणून जे मिळालं ते सगळं जास्तीचं वाटलं.

शेजारी लॉरेन्स गावात, कॅन्सस विद्यापीठात, दुसऱ्या उंच गड्याचं काय झालं तेही बघा. हंटर डिकिन्सन, सात फूट दोन इंच, मिशिगनहून २०२३ मध्ये आला. तो तर गुणही काढत होता, शेवटच्या हंगामात सामन्याला १७ च्या वर. पण दोन्ही वर्षं हंगामाआधी देशात पहिल्या क्रमांकावर ठेवलेला संघ एकदा दुसऱ्या फेरीत आणि एकदा पहिल्याच फेरीत बाहेर. बचावात त्याचे पाय हलत नाहीत, हे दोन वर्षं लॉरेन्सच्या पोरापोरानं ऐकवलं. मिशिगन सोडताना जुने चाहते तुटून पडले तेव्हा त्याने एका पॉडकास्टवर सांगितलं होतं की शिव्या देणारेच लोक थोडा जास्त पगार मिळाला तर उद्या नोकरी सोडतील. मुद्दा काय चुकीचा होता? पण लोकांनी तो उद्धटपणा धरला. एकाने उलट उत्तर दिलं, तो उद्धट. दुसरा रडला, तो नेभळट.

मला खटकते ती गोष्ट वेगळीच. त्याच खेळात मोठ्या माणसांच्या पैशावर कुणी इतकं खोदत नाही. कॅन्ससचे प्रशिक्षक बिल सेल्फ यांचा २०२३ चा करार पाच वर्षांत ५ कोटी ३० लाख डॉलरचा. नामवंत प्रशिक्षक, मिळवावेत, आपली ना नाही. पण कॉलेज फुटबॉलमध्ये टेक्सास ए अँड एमने जिम्बो फिशरना २०२३ मध्ये काढलं, तर काढल्याबद्दल त्यांना ७ कोटी ६० लाख डॉलरच्या आसपास देणं निघालं. काम न करण्याचे! मार्चमधल्या त्या बास्केटबॉल स्पर्धेच्या टीव्ही हक्कांचा २०१६ चा वाढीव करार ८८० कोटी डॉलरचा आहे, २०३२ पर्यंतचा. एवढा पैसा पोरांच्या घामावर पन्नास वर्षं फिरत होता तेव्हा 'हौशी खेळाची शान' म्हणायचे. पोराच्या हातात चार दाणे पडले की लगेच 'पैशाने खेळ नासला'. आणि हॉकिन्सने कुणाच्या घरावर दरोडा घातला नव्हता. समोरच्याने देऊ केले, त्याने घेतले. तिसऱ्या माणसाला पहिल्याची किंमत लावणारे कोण होते? ते त्या दिवशी कॅमेऱ्यापुढे रडले नाहीत.

आमच्या धंद्याचाही यात वाटा आहे. बातमीत नावाआधी किंमत लिहायची सवय आम्हीच लावली. २०२५ च्या आयपीएलमध्ये ऋषभ पंत २७ कोटींचा, तो १४ सामन्यांत २६९ धावांवर राहिला, त्यातल्या ११८ एकट्या शेवटच्या सामन्यात. वेंकटेश अय्यर पावणेचोवीस कोटींचा, त्याच्या ११ सामन्यांत १४२. मथळे आठवून बघा. एकेका धावेची किंमत काढणारी कोष्टकं छापली गेली आणि लोकांनी ती आवडीने वाचली. लिलाव करणाऱ्या फ्रँचायझीच्या मालकाला मात्र कुणी 'एवढे का दिले राव?' विचारत बसत नाही. पंतकडे निदान दहा वर्षांची कमाई, नाव आणि भारताची टोपी होती. हॉकिन्सकडे एकच हंगाम होता.

एक बाजू मात्र मला पोरांची पटत नाही. ती म्हणतात, गडी विद्यार्थी आहे, त्याला काही बोलूच नका. असं कसं? वीस लाख घेणारा जाणता माणूस आहे, त्याच्या खेळावर टीका होणारच. बचावात उभा राहिला तर म्हणावं उभा राहिला. तिकीट काढलंय. पण 'आज त्याने तीनदा चेंडू घालवला' आणि 'हा चोर आहे' यात काही अंतर आहे की नाही? आपल्याकडे नगरसेवकावर लिहिताना मी हे अंतर रोज मोजतो, चुकलं तर नोटीस येते. गॅलरीतल्या माणसाला नोटीस येत नाही.

याच ब्रॅमलेजमध्ये २३ जानेवारी २०२२ ला आयोका ली या कॅन्सस स्टेटच्या सहा फूट सहा इंचांच्या मुलीने ओक्लाहोमाविरुद्ध एकटीने ६१ गुण काढले होते, महिलांच्या पहिल्या श्रेणीतला एका सामन्यातला विक्रम. दुखापतींनी पूर्ण हंगाम वाया गेले तरी ती शेवटपर्यंत त्याच विद्यापीठात राहिली, २०२५ पर्यंत. आमचा पोरगा सांगतो, तिच्याबद्दल गावात आवाजच वेगळा लागतो. आता असा पाच-सहा वर्षं एका जागी राहणारा खेळाडू पुरुषांच्या संघात दिसणं कठीण. त्याला पोरं जबाबदार नाहीत, नियम तसे झालेत. पण लोकांना खेळाडूची ओळख व्हायला वेळ लागतो आणि तो वेळच कुणाकडे उरलेला नाही. नाव पाठ होतं तोवर तो पुढच्या गावाला गेलेला असतो. मग ओळख म्हणून उरतो आकडा.

जून २०२५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये साठाच्या आत जागा असतात, त्यात हॉकिन्सचं नाव पुकारलं गेलं नाही. डिकिन्सनचंही नाही. त्याच महिन्यात कोर्टाने हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि १ जुलैपासून विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. म्हणजे वर्गणीदाराच्या जोडीला आता विद्यापीठाची तिजोरीही आली.

कॅन्सस स्टेटने त्या उन्हाळ्यात मेम्फिसहून पी. जे. हॅगर्टीला आणलं. बुटक्या गटातला खेळाडू, मेम्फिसकडून सामन्याला २१ च्या वर गुण काढलेला. टेक्सास ख्रिश्चन, टल्सा, मेम्फिस आणि मग मॅनहॅटन, हे त्याचं चौथं कॉलेज. आमच्या पोराला विचारलं, काय म्हणतात तुझे ते सीझन तिकीटवाले? तर म्हणाला, काका, त्यांनी तिकीट परत काढलंय, वर्गणी पण चालू ठेवलीय, आणि पोरगा कसा खेळतो ते विचारायच्या आधी कितीला आणला तेच विचारलं.